चाकांवरचं घर: बारा महिने राहायचं असेल तर कोणती आरव्ही?

अमेरिकेतल्या आरव्हीच्या, म्हणजे राहण्याची सोय असलेल्या गाड्यांच्या, शोरूममध्ये शिरलं की पहिल्या पाच मिनिटांत एक जण सोफ्यावर बसून बघतो, दुसरा ओट्याखालचे ड्रॉवर ओढून बघतो आणि सेल्समन तेवढ्यात इलेक्ट्रिक फायरप्लेस लावून दाखवतो. यातली प्रत्येक गोष्ट पुढे बदलता येते. जी बदलता येत नाही ती दाराजवळच्या पिवळ्या स्टिकरवर छापलेली असते, आणि तिकडे कोणी ढुंकूनही बघत नाही.

वीकेंडला दोन रात्री तळ्याकाठी जाणाऱ्यांनी पुढचं नाही वाचलं तरी चालेल. घर विकून किंवा भाड्याने देऊन वर्षभर आरव्हीतच राहायचं, तिथूनच ऑफिसचं काम करायचं किंवा निवृत्तीनंतरची चार-पाच वर्षं फिरत काढायची, असा बेत असलेल्या दोन माणसांच्या हिशेबाने व्हॅन, क्लास सी, क्लास ए, ट्रॅव्हल ट्रेलर आणि फिफ्थ व्हील हे पाच प्रकार इथे तपासले आहेत. पहिले तीन स्वतःच्या इंजिनावर चालतात, त्यांना मोटरहोम म्हणतात; शेवटचे दोन गाडीमागे ओढायचे असतात. सोफ्याचा रंग आणि टीव्हीचा आकार यांना जागा दिलेली नाही. वजन, पाणी आणि गळती यांना भरपूर दिली आहे.

आधी स्टिकर

प्रत्येक गाडीला कारखान्याने ठरवून दिलेलं एक कमाल वजन असतं. गाडी, सामान, पाणी, गॅस, माणसं सगळं त्यात आलं. त्याला जीव्हीडब्ल्यूआर म्हणतात. त्यातून तयार गाडीचं वजन वजा केलं की तुमच्या वाट्याचे पौंड उरतात. मोटरहोमच्या स्टिकरवर हा आकडा माणसं आणि सामान मिळून दिलेला असतो, ट्रेलरच्या स्टिकरवर फक्त सामानाचा. पाण्याची टाकी पूर्ण भरली तर किती पौंड होतील तेही खाली लिहिलेलं असतं आणि ते पाणी सामानातच मोजायचं असतं. ब्रोशरमधला आकडा धरू नका. दुसरा एसी, जनरेटर, छतावरची शिडी अशा ऑप्शनमुळे एकाच मॉडेलच्या दोन गाड्यांत शे-दोनशे पौंडांचा फरक सहज पडतो.

हिशेब करून बघू. फोर्ड ई-४५० च्या चॅसीवर, म्हणजे इंजिन-चाकांसकटच्या सांगाड्यावर, बांधलेली ३१ फुटांची क्लास सी आहे. चॅसीचं कमाल वजन १४,५०० पौंड. स्टिकरवर समजा १,३५० पौंड लिहिले आहेत, लांब क्लास सीमध्ये साधारण एवढेच उरतात. दोन माणसांचे ३०० गेले. ४० गॅलन पाण्याचे ३३४ गेले, कारण एक गॅलन ८.३ पौंडांच्या वर भरतो. उरले ७१६. लिथियम बॅटऱ्या, सोलर पॅनल आणि इन्व्हर्टर १५०. पाण्याचे आणि सांडपाण्याचे पाइप, विजेची जाड केबल, चाकाखाली घालायचे ठोकळे, हत्यारांची पेटी मिळून १२०. कपडे, जोडे, अंथरूण-पांघरूण १५०. भांडी, कुकर, मिक्सर ८०. दोन लॅपटॉप, मॉनिटर, बाहेर बसायच्या खुर्च्या ६०. इंडियन ग्रोसरीतून आणलेली २० पौंडांची तांदळाची पिशवी, २० पौंडांची कणकेची, डाळी, तेल आणि फ्रिजमधलं धरून १००. शिल्लक ५६ पौंड. थँक्सगिव्हिंगला कोणी दोन दिवस राहायला आलं की गाडी ओव्हरलोड.

ओव्हरलोड झाली म्हणजे लगेच काही मोडत नाही, म्हणून लोक दुर्लक्ष करतात. मागचे टायर मात्र उन्हाळ्यात ॲरिझोनाच्या रस्त्यावर तापत राहतात आणि एक दिवस फुटतात. फुटलेल्या टायरचा पट्टा चाकाभोवती फिरताना वरचा पत्रा, वायरी आणि कधी टाकीचा पाइपही फाडून नेतो. त्यामुळे घेतल्यावर पहिलं काम म्हणजे पाणी आणि सामान भरून ट्रक स्टॉपवरच्या कॅट स्केल नावाच्या वजनकाट्यावर जाणं. तिथे पुढचा ॲक्सल, मागचा ॲक्सल आणि ट्रेलर यांची वजनं वेगवेगळी छापून मिळतात. एकूण वजन मर्यादेत असूनही मागचा ॲक्सल त्याच्या मर्यादेबाहेर असू शकतो, म्हणून फक्त शेवटची बेरीज वाचून कागद खिशात घालू नका.

व्हॅन, म्हणजे क्लास बी

रॅम प्रोमास्टर, फोर्ड ट्रान्झिट आणि मर्सिडीझ स्प्रिंटर या तीन डिलिव्हरी व्हॅनवर जवळजवळ सगळ्या क्लास बी बांधल्या जातात. प्रोमास्टरला पुढच्या चाकांचा ड्राइव्ह असल्याने फरशी खाली असते आणि आत उभं राहायला जागा चांगली मिळते. कच्च्या चढावर मात्र ती पकड सोडते. ट्रान्झिट ऑल-व्हील ड्राइव्हमध्ये मिळते. डिझेल स्प्रिंटर गॅलनला सोळा-सतरा मैल देऊ शकते, पण सर्व्हिसिंगचं बिल मर्सिडीझच्याच पद्धतीने येतं.

चालवायला यांच्यासारखं सुख नाही. ग्लेशियर नॅशनल पार्कमधल्या गोइंग-टू-द-सन रोडच्या मधल्या डोंगराळ टप्प्यावर २१ फुटांपेक्षा लांब किंवा ८ फुटांपेक्षा रुंद गाडीला बंदी आहे. या पाच प्रकारांत तिथून स्वतःच्या घरासकट जाऊ शकणारी फक्त छोटी व्हॅनच. पण साधारण २० गॅलन, म्हणजे ७५ लिटर पाणी, संडासातच अंघोळ आणि रोज रात्री टेबल मोडून पलंग करायचा, हे दोघांना वर्षभर जड जातं. त्यात एकाला झूम मीटिंग आणि दुसऱ्याला भाजी परतायची असेल तर एकाने पावसात बाहेर उभं राहायचं. नवी व्हॅन एक लाख डॉलरच्या वर जाते. एकट्या माणसाला जरूर घ्यावी. जोडप्याने आधी तीन आठवडे भाड्याने घेऊन राहून बघावं, तेही नोव्हेंबरमध्ये, कारण जूनमध्ये सगळ्याच व्हॅन छान वाटतात.

क्लास सी

ड्रायव्हरच्या डोक्यावर पलंग असलेली ती ही. ई-४५० वर ७.३ लिटरचं पेट्रोल इंजिन येतं. साधं, दणकट, आणि कुठल्याही गावातला फोर्डचा ट्रक मेकॅनिक त्याला हात लावतो. मायलेज आठ ते दहा. दोन सीटच्या मध्ये इंजिनाचा उंचवटा असतो, तो पायाला गरम लागतो आणि चढावर घरघर ऐकू येते.

घेताना ड्रायव्हरवरच्या त्या पलंगाची गादी उचला आणि पुढच्या दोन्ही खालच्या कोपऱ्यांतली फळी अंगठ्याने दाबा. ताशी ६५ मैलांनी समोरून येणारा पाऊस बरोबर तिथल्या सांध्यात घुसतो. फळी दबली तर किमतीची घासाघीस करत बसू नका, पुढची गाडी बघा. दुसरं म्हणजे मागच्या चाकांच्या पलीकडे किती शेपूट आहे ते मोजा. ३१ फुटांच्या गाडीत दहा फुटांच्या आसपास शेपूट असेल तर वळताना मागचा कोपरा उलट दिशेला फुटा-दोन फुटांनी फिरतो आणि पेट्रोल पंपावरचा खांब घेऊन जातो. २४-२५ फुटांची क्लास सी या बाबतीत कितीतरी बरी.

स्प्रिंटरच्या चॅसीवरची डिझेल क्लास सी दिसायला देखणी असते आणि मायलेजही चांगलं देते. मात्र कमाल वजन ११,०३० पौंड आणि वर बांधलेलं घर जवळजवळ तेवढंच, त्यामुळे स्टिकरवर उरतं थोडं. कायम राहणाऱ्यांनी हिचा आकडा दोनदा वाचावा.

क्लास ए

बससारखी दिसणारी. पेट्रोलवाली बहुतेक फोर्ड एफ-५३ चॅसीवर असते. डिझेल पुशरमध्ये इंजिन मागे, एअर ब्रेक, एअर सस्पेन्शन, भरपूर वजन पेलण्याची ताकद. आत बसल्यावर घर वाटतं हे खरं. खर्चही घरासारखाच. पुशरच्या सहा किंवा आठ मोठ्या टायरची नक्षी शिल्लक असताना रबर म्हातारं होतं आणि सहा-सात वर्षांनी ते बदलावे लागतात. जुनी क्लास ए घेताना ‘टायर नव्यासारखे’ हे वाक्य ऐकू नका. टायरच्या बाजूवर डीओटी अक्षरांनंतरच्या आकड्यातले शेवटचे चार अंक वाचा. ३२१९ म्हणजे २०१९ सालचा बत्तिसावा आठवडा. हा आकडा कधी कधी आतल्या बाजूला असतो, म्हणजे आडवं होऊन टॉर्चने बघायचं.

मोटरहोमच्या तिन्ही प्रकारांना लागू पडणारी एक गोष्ट कोणी आधी सांगत नाही. इंजिन गॅरेजमध्ये गेलं की घर गॅरेजमध्ये गेलं. सुटा भाग यायला तीन आठवडे लागले तर तीन आठवडे हॉटेल. शिवाय गावात भाजी आणायला वेगळी गाडी लागते, ती मागे ओढायची. चारही चाकं जमिनीवर ठेवून ओढता येईल अशी गाडी हवी, आणि प्रत्येक गाडी तशी ओढता येत नाही. गाडीच्या मालकाच्या पुस्तिकेत स्पष्ट लिहिलेलं असेल तरच ओढा, नाहीतर गिअरबॉक्स जातो.

ट्रेलर आणि फिफ्थ व्हील

इथे हिशेब पालटतो. ओढणारा ट्रक बिघडला तर भाड्याने दुसरा मिळतो, घर कॅम्पग्राउंडवर शाबूत राहतं. पैशाच्या मानाने जागा सर्वांत जास्त. फिफ्थ व्हील म्हणजे पिकअपच्या हौद्यात बसवलेल्या हिचवर, म्हणजे जोडणीवर, टेकणारा ट्रेलर. वजन मागच्या ॲक्सलच्या जवळ येत असल्याने तो ट्रॅव्हल ट्रेलरसारखा शेपटी हलवत नाही, बाजूने मोठा ट्रक गेला तरी स्थिर राहतो.

फसगत होते ती ट्रकमध्ये. ‘हा ट्रक १८,००० पौंड ओढतो’ असं सेल्समन सांगतो, आणि ते खोटं नसतं. पण फिफ्थ व्हीलच्या एकूण वजनाचा २० ते २५ टक्के भार हौद्यात येतो. ट्रेलरचं कमाल वजन १४,००० पौंड धरलं आणि २२ टक्के मोजले तर ३,०८० पौंड. हिच २००, माणसं ३००, हौद्यातली हत्यारं १००. झाले ३,६८०. थ्री-क्वार्टर टन, म्हणजे २५०० वर्गातल्या डिझेल पिकअपच्या दारावर कित्येकदा दोन ते अडीच हजारच पौंडांचा पेलोड, म्हणजे ट्रकवर लादता येणारं वजन, लिहिलेला असतो, कारण जड डिझेल इंजिनानेच त्यातला बराच खाल्लेला असतो. म्हणजे ओढेल, पण पेलणार नाही. वन टन, ३५०० वर्गातलाच ट्रक घ्या. ट्रेलर १४,००० च्या वर असेल तर मागे चार चाकांचा. क्रम असा ठेवा: आधी ट्रेलर ठरवा, मग ट्रक. घरात आधीपासून असलेल्या ट्रकला साजेसा ट्रेलर शोधणारे दोन वर्षांत दोन्ही बदलतात.

ट्रॅव्हल ट्रेलरला हा भार १० ते १५ टक्के असतो. दहाच्या खाली गेला तर ट्रेलर डोलायला लागतो, म्हणून जड सामान सगळं मागच्या कपाटात कोंबायचं नाही. वजन वाटून देणारा हिच आणि डोलणं आवरणारी दांडी यांचे पैसे आधीच बाजूला ठेवा.

बहुतेक ट्रेलर लाकडी किंवा ॲल्युमिनियमच्या सांगाड्यावर पातळ फायबरग्लास किंवा पत्रा लावून बनवतात. वेगळे आहेत ते थोडे. ओहायोतल्या जॅक्सन सेंटरमध्ये बनणाऱ्या एअरस्ट्रीमचं रिव्हेट मारलेलं ॲल्युमिनियम, टेनेसीतल्या ओलिव्हरचं दोन साच्यांतलं फायबरग्लास, ओरेगनमधल्या ला ग्रँड गावच्या नॉर्थवुडने स्वतः बांधलेले मजबूत सांगाडे. बाकी शोरूमभर जी पन्नास नावं दिसतात त्यातली बहुतेक थॉर, फॉरेस्ट रिव्हर आणि विनेबेगो या तीन घराण्यांची आहेत. जेको २०१६ पासून थॉरकडे आहे, ग्रँड डिझाइन त्याच वर्षी विनेबेगोकडे गेली. खालचा चॅसी, बाहेर सरकणारी खोली, जॅक, फ्रिज, हीटर हे बऱ्याच गाड्यांत त्याच दोन-चार पुरवठादारांचं असतं. त्यामुळे ब्रँडवरून भांडण्यापेक्षा हातातली एकच गाडी नीट तपासणं शहाणपणाचं.

बाहेर सरकणाऱ्या खोल्या, म्हणजे स्लाइड, बघताना त्या आत ढकलायला सांगा आणि मग आत जा. फ्रिजचं दार उघडतं का? संडासात पोचता येतं का? पलंगावर आडवं होता येतं का? वाटेत वॉलमार्टच्या आवारात एक रात्र काढायची तर स्लाइड बंदच ठेवावे लागतात, आणि कित्येक देखण्या फ्लोअरप्लॅनमध्ये तेव्हा पिठलं करायलासुद्धा ओट्यापर्यंत जाता येत नाही. दोन्ही बाजूंच्या दातेरी पट्ट्यांवर दोन छोट्या मोटरींनी चालणारा स्लाइड हलका असतो, पण मोटरी मागेपुढे झाल्या की खोली तिरकी अडकते. जड स्वयंपाकघराच्या स्लाइडला खालून ढकलणारी हायड्रॉलिक यंत्रणा बरी.

पाणी, आणि तांब्याचा हिशेब

टाक्या तीन. फ्रेश म्हणजे स्वच्छ पाणी, ग्रे म्हणजे अंघोळीचं-भांड्यांचं, ब्लॅक म्हणजे संडासाचं. सगळे फ्रेश विचारतात. अडतं ते ग्रेपाशी. शॉवर मध्येच बंद करत काटकसरीने अंघोळ केली तरी माणशी २५ लिटर, दोघांचे ५०. भांडी २५. दिवसाला ७५ लिटर. ४० गॅलनची ग्रे टाकी म्हणजे १५० लिटर, दोन दिवसांत भरली. ८० गॅलनची चार दिवस. बीएलएम (ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट) या खात्याच्या सरकारी जमिनीवर एका जागी साधारणपणे २८ दिवसांत १४ दिवस फुकट राहता येतं. पण टाकी चार दिवसांची असेल तर त्या १४ दिवसांत तीनदा घर उचलून सांडपाणी सोडायच्या डंप स्टेशनवर जावं लागतं.

आपल्या लोकांचा हमखास प्रश्न असतो तो तांब्याचा, किंवा नळीच्या फवाऱ्याचा. ब्लॅक टाकी त्याने लवकर भरत नाही का? भरते, पण विशेष नाही. दोघांचे मिळून दिवसाला बारा फ्लश, प्रत्येकी दीड लिटर, झाले १८. तांब्याचे चार लिटर धरा, २२. ४० गॅलनची टाकी आठऐवजी सात दिवस चालते. उलट या टाकीला पाणी कमी पडणं हेच खरं दुखणं. कॅम्पग्राउंडवर पाइप जोडलेला आहे म्हणून ब्लॅकचा व्हॉल्व्ह कायम उघडा ठेवला तर पाणी वाहून जातं आणि बाकीचं खाली साचून वाळून ढीग होतो, तो फोडायला माणूस बोलवावा लागतो. व्हॉल्व्ह बंद ठेवा, टाकी दोन तृतीयांश भरली की एका दमात सोडा, आधी ब्लॅक आणि मग ग्रे, म्हणजे साबणाच्या पाण्याने पाइप धुऊन निघतो. कागद कमी आणि पाणी जास्त वापरणाऱ्यांच्या टाकीतले सेन्सरही कमी खोटं बोलतात.

कॅम्पग्राउंडच्या नळाला कधी कधी ८०-१०० पीएसआय दाब असतो. आतले प्लॅस्टिकचे सांधे एवढ्याला टिकत नाहीत. ४५ ते ५० वर बांधून ठेवणारा पितळी रेग्युलेटर नळालाच लावा, गाडीच्या टोकाला नको, म्हणजे होजही वाचतो.

फोडणीची परीक्षा

शोरूममध्ये जाताना आपला पाच लिटरचा कुकर आणि कढई बरोबर न्या. सेल्समन हसेल, हसू दे. तीन बर्नरच्या शेगडीवर ही दोन भांडी शेजारी बसतात का ते बघा, बहुधा बसत नाहीत. वरच्या कपाटाचा तळ शेगडीपासून किती उंच आहे? चिमणीची हवा खरोखर बाहेर जाते, की जाळीतून गाळून परत आपल्याच तोंडावर येते? बाहेर जाऊन भिंतीवर झडप शोधा. झडप नसेल तर हवा आतच फिरते आहे. मिरचीची फोडणी टाकली की स्मोक अलार्म ओरडणार. यावर उपाय म्हणजे शेगडीच्या जवळच्या छतात मोठा, वेग बदलता येणारा पंखा बसवणं आणि पलीकडची एक खिडकी चार बोटं उघडी ठेवणं. भिंतींना पातळ विनाइल असतं, त्यावरचा हळदीचा डाग जात नाही. शेगडीमागे स्टीलचा पत्रा आधीच चिकटवून घ्या.

भात, कुकरची वाफ आणि उघड्या गॅसच्या ज्योतीतूनही निघणारी वाफ, हे सगळं पाणी थंडीत खिडक्यांवर आणि गादीखाली दव होऊन बसतं. गादीखाली हवा खेळेल अशी जाळी आणि एक खरा कॉम्प्रेसरवाला डिह्युमिडिफायर लागतोच. बुरशी एकदा धरली की मऊ भिंतीतून निघत नाही.

भारतातून आणलेला २३० व्होल्टचा मिक्सर इथे ओझं. ११० व्होल्टचा घ्या. इंडक्शन शेगडी १,८०० वॅटची असेल तर १२ व्होल्टच्या बॅटरीतून दीडशे अँपिअरहून जास्त ओढते. हुकअप, म्हणजे वीज-पाण्याची जोडणी, नसलेल्या जागी इंडक्शनवर रोजच्या पोळ्या करायच्या तर किमान ४०० अँपिअर-अवर लिथियम आणि ३,००० वॅटचा इन्व्हर्टर. १०० अँपिअर-अवरची एक लिथियम बॅटरी म्हणजे सुमारे १.२८ युनिट, एवढं लक्षात ठेवलं की बाकीचा हिशेब वीजबिलासारखा करता येतो. दिवसभर चालणारं स्टारलिंक एकटंच दीड-दोन युनिट खातं, म्हणून रात्री बंद करायचं.

जुन्या गाडीत लिथियम टाकताना मूळ कन्व्हर्टर, म्हणजे बॅटरी चार्ज करणारं उपकरण, तपासा. तो शिशाच्या बॅटरीसाठी १३.६ व्होल्टवर थांबत असेल तर लिथियम सहसा पूर्ण भरत नाही. आणि गोठणबिंदूखाली लिथियम चार्ज करायची नसते. बॅटरी बाहेरच्या पेटीत असेल तर स्वतःला गरम ठेवणारी घ्या.

३० अँपिअरची जोडणी म्हणजे एकूण ३,६०० वॅट. ५० अँपिअरच्या जोडणीत दोन लाइव्ह तारा असल्याने १२,००० मिळतात. टेक्सस-ॲरिझोनात उन्हाळा काढायचा तर दोन एसी आणि ५० अँपिअर हवेत. कॅम्पग्राउंडचा विजेचा खांब सदोष असतो तेव्हा, विशेषतः न्यूट्रल तुटलेला असेल तर, ११० च्या उपकरणांत २०० च्या वर व्होल्ट जाऊ शकतात. खांब तपासूनच वीज सोडणारं संरक्षक उपकरण, नुसती स्वस्तातली सर्ज पट्टी नव्हे, पहिल्या दिवसापासून लावा.

‘फोर सीझन’ या स्टिकरमागे कुठलाही ठरलेला नियम नाही. खाली वाका आणि बघा: टाक्या झाकलेल्या आहेत का, त्या पोकळीत फर्नेसची गरम हवा जाते का, डंपचे व्हॉल्व्ह आत आहेत का. ३०,००० बीटीयूची फर्नेस सतत जळत राहिली तर ३० पौंडांचा प्रोपेन सिलिंडर वीस-एकवीस तासांत संपतो.

गळती

आरव्ही मरते ती पाण्याने. छतावर रबरासारखा पडदा आणि पंखे, व्हेंट, अँटेना यांच्याभोवती सीलंट असतं. ते उन्हाने तडकतं, केसाएवढी चीर पडते आणि पाणी भिंतीत उतरतं. आत डाग दिसेपर्यंत प्लायवूड कुजलेलं असतं. दर तीन महिन्यांनी छतावर चढून प्रत्येक सांधा बघायचा आणि चीर दिसली की जागेवर आपोआप पसरणारं सीलंट भरायचं, हे काम टाळणाऱ्याने कायम राहण्यासाठी आरव्ही घेऊच नये. छताच्या साहित्याला कोणतं सीलंट चालतं ते बघा. साधं सिलिकॉन लावलं तर पुढे त्यावर दुसरं काही धरत नाही.

जुनी गाडी बघताना सकाळी किंवा संध्याकाळी जा, ऊन तिरकं असताना. बाजूच्या भिंतीला गाल लावून लांबवर नजर टाका. फायबरग्लासवर फोड आल्यासारखी लाट दिसली तर आतला थर सुटला आहे, त्याची दुरुस्ती गाडीच्या किमतीइतकी जाऊ शकते. मग दोन सुयांचा ओल मोजणारा मीटर घेऊन स्लाइडचे कोपरे, खिडक्यांच्या खालच्या कडा, शॉवरमागची भिंत आणि कपाटांच्या आतले वरचे कोपरे तपासा. लाकूड २० टक्क्यांच्या वर दाखवत असेल तर ओल आहे. ताजा रंग, नवा वॉलपेपर किंवा शोरूममध्ये घमघमणारा एअर फ्रेशनर दिसला की जास्तच वेळ घालवा. एनआरव्हीआयए या संस्थेचे प्रमाणित इन्स्पेक्टर असतात, डीलरशी संबंध नसलेला बघून बोलवा. ब्लोअरने आत हवेचा दाब भरून छतावर साबणाचं पाणी फिरवण्याची चाचणी करतो का ते विचारा. बुडबुडे आले तिथे भोक.

कागद

कित्येक उत्पादकांच्या वॉरंटीत ‘कायम वास्तव्यासाठी वापर नाही’ असं कलम असतं. बारीक अक्षरांत असलं तरी दावा फेटाळायला तेवढं पुरतं. कर्ज देणाऱ्या बऱ्याच बँका कायम राहणाऱ्याला कर्ज देत नाहीत, आणि फॉर्मवर खोटं लिहून घेतलेलं कर्ज महागात पडतं. विमा ‘फुल-टाइमर’ पॉलिसीचाच घ्या, म्हणजे दारात पाय घसरून पडलेल्या पाहुण्याची जबाबदारीही त्यात येते.

पत्ता म्हणून लोक साऊथ डकोटा, टेक्सस किंवा फ्लोरिडा निवडतात, कारण तिथे राज्याचा आयकर नाही आणि टपाल पुढे पाठवणाऱ्या सेवा आहेत. टेक्ससमधल्या लिव्हिंगस्टनची एस्केपीज ही जुनी आणि नावाजलेली. पण एच-वन-बी किंवा ग्रीन कार्डवर असाल तर पत्ता बदलल्यापासून १० दिवसांत यूएससीआयएस या इमिग्रेशन खात्याला कळवावं लागतं. नोकरी एच-वन-बीवर असेल तर कामाचं ठिकाणही अर्जात बांधलेलं असतं, त्यामुळे कंपनीच्या इमिग्रेशन वकिलाला विचारल्याशिवाय चाकं हलवू नका. आरोग्य विम्याचं म्हणाल तर मूळ मेडिकेअर, म्हणजे मुख्यतः ज्येष्ठांसाठीचा सरकारी विमा, देशभर चालतं. मार्केटप्लेस, म्हणजे स्वतः विमा घेणाऱ्यांसाठीच्या सरकारी संकेतस्थळावरच्या बऱ्याच योजना मात्र राज्याबाहेर तातडीच्या उपचारांपुरत्याच उरतात.

कोणती घ्यावी

एका जागी दोन-तीन आठवडे राहून काम करणाऱ्या दोघांसाठी: २८ ते ३२ फुटांचा, चार-सहा वर्षं जुना फिफ्थ व्हील आणि वन टन ट्रक. सुरुवातीची घसरण पहिल्या मालकाने सोसलेली असते आणि कारखान्यातल्या चुकाही त्यानेच दुरुस्त करून घेतलेल्या असतात. दर दोन दिवसांनी मुक्काम हलवणाऱ्यांसाठी: ई-४५० वरची २४-२५ फुटांची क्लास सी, जमल्यास एकच स्लाइड असलेली. डिझेल पुशर त्यांनीच घ्यावी ज्यांच्याकडे किमतीबरोबर दरवर्षीच्या देखभालीचे पैसेही वेगळे आहेत. ४० फुटांच्या वर काहीही घेऊ नका. जुन्या नॅशनल पार्कमधल्या कित्येक कॅम्पसाइट ३० फुटांच्या आसपासच संपतात.

ताबा घेताना घाई करू नका. पाणी, वीज, गॅस जोडून गाडी चार तास चालू ठेवायला सांगा. गॅसवर फ्रिज लावा, वॉटर हीटर आधी गॅसवर आणि मग विजेवर चालवा, तिन्ही टाक्यांत पाणी भरून सोडा, स्लाइड तीनदा आतबाहेर करा, सिंकखालच्या सांध्यांना कोरडा टिश्यू लावून बघा. प्रोपेन डिटेक्टरच्या पाठीमागची तारीख वाचा, तोही म्हातारा होतो. सापडलेल्या दोषांची यादी डीलरच्या सहीने लिहून घेतल्यावरच शेवटचा चेक फाडा. पहिल्या तीन रात्री डीलरपासून अर्ध्या तासाच्या आत मुक्काम ठेवा, आणि ट्रेलर असेल तर पहिल्या ५० मैलांनी थांबून टॉर्क रेंचने चाकांचे नट पुन्हा आवळा.